कांजिण्यांची लस आणि आमच्या घरातली चर्चा

मुलीला पंधरा महिने पूर्ण झाले तेव्हा डॉक्टरांनी कांजिण्यांच्या लसीबद्दल ‘घरी बोलून ठरवा’ असे सांगितले. गोवर-रुबेलाची लस सरकारी कार्यक्रमात मोफत मिळते, कांजिण्यांची मिळत नाही. बालरोगतज्ज्ञांची संघटना ती सुचवते, पण दोन डोसांचे काही हजार रुपये आपल्यालाच मोजावे लागतात. त्यामुळे ‘ही खरोखर गरजेची आहे का?’ हा प्रश्न घरात निघणे स्वाभाविकच होते.

सासूबाईंचे म्हणणे असे, की कांजिण्या लहानपणी येऊन गेलेल्या बऱ्या. कडुलिंबाचा पाला अंथरुणात पसरायचा आणि आठ-दहा दिवस मुलाला घरात ठेवायचे. मी हे म्हणणे अडाणीपणाचे मानत नाही. हा आजार मुलांमध्ये बहुधा सौम्य असतो आणि मोठेपणी झाला तर न्यूमोनियासारख्या गुंतागुंती वाढतात, हे त्यांचे निरीक्षण वैद्यकशास्त्रालाही मान्य आहे. मात्र तो लहानपणीच होईल, याची हमी कोण देणार? उष्ण प्रदेशांत तर तो न होताच वय वाढलेली माणसे थंड देशांच्या तुलनेने जास्त आढळतात. त्यातच आमच्या सोसायटीतल्या काही मुलांनी लस घेतली आहे, काहींनी नाही. अशा अर्धवट लसीकरणामुळे विषाणूचा फिरता वावर कमी होतो आणि न घेतलेल्या मुलांची गाठ त्याच्याशी उशिरा, कदाचित वसतिगृहात किंवा गरोदरपणी पडते. ऐंशी टक्क्यांहून कमी मुलांना लस मिळणार असेल, तर सरसकट कार्यक्रम सुरू करताना जपून राहावे, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते ते याच कारणाने. सरकारने थांबावे असे सुचवणारा हा मुद्दा माझ्यासारख्या एकट्या पालकाला मात्र लस देऊन टाकायलाच सांगतो.

दुसरा मुद्दा नागिणीचा. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत दबा धरून राहतो आणि उतारवयात नागीण होऊन बाहेर पडतो. सासूबाईंनी दोन वर्षांपूर्वी ते दुखणे चार महिने सोसले होते. दोन्हींचे मूळ एकच, हे त्यांना ठाऊक नव्हते. लसीतला विषाणूही जिवंत, पण दुर्बल केलेला असतो; तरीही लस घेतलेल्या मुलांमध्ये नागिणीचे प्रमाण कमीच दिसते. (जपानमध्ये मिचिआकी ताकाहाशी यांनी ही लस 1974 मध्ये तयार केली आणि अमेरिकेत ती 1995 पासून सर्व मुलांना दिली जाते, तेव्हा तिला ‘नवीन’ म्हणण्यात अर्थ नाही.) एका डोसानंतर काही मुलांना सौम्य कांजिण्या येतात, म्हणून दुसरा टाळू नये.

मुलीला पहिला डोस दिला. मग मला स्वतःला कांजिण्या झाल्या होत्या का, असे आईला विचारले, तर तिला तो गोवर होता की कांजिण्या हेच आठवेना. रक्त तपासले तेव्हा प्रतिकारशक्ती नसल्याचे निघाले. आम्ही दुसऱ्या मुलाचा विचार करतो आहोत. ही लस गरोदरपणात घेता येत नाही आणि घेतल्यावर किमान महिनाभर थांबावे लागते. येत्या मंगळवारी मुलीचा दुसरा डोस आहे आणि माझा पहिला.