“२२९० ला दहा दिवस लावले”: दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

फॉर्म २२९० (जड ट्रक हायवेवर चालवण्याचा केंद्राचा कर भरायचा फॉर्म) बद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला. ट्रक दारात उभा आणि नंबरप्लेट नाही, ही अवस्था किती जिवावर येते हे आम्हाला ठाऊक आहे. बँकेचा हप्ता थांबत नाही, इन्शुरन्स थांबत नाही. तुम्हाला झालेल्या मनस्तापाबद्दल मनापासून माफी मागते. लेबर डेच्या सुट्टीत आमचा फोन लागला नाही, त्याबद्दलही.

बाकीचं लिहिण्याआधी एक सांगते. गिऱ्हाइकाच्या कागदांतलं काही त्याच्या संमतीशिवाय चारचौघांत उघड करणं टॅक्स प्रिपेअररला (दुसऱ्यांचे कराचे फॉर्म भरून देणाऱ्याला) योग्य नाही. म्हणून तुम्ही स्वतः इथे जे लिहिलंय तेवढ्यावरच बोलते, आणि नियम जे सगळ्यांना लागू आहेत ते सांगते. कुठला कागद कधी मागितला होता आणि कधी हातात आला, ते इथे लिहिणार नाही. ते तुम्हाला माहीत आहे आणि मला माहीत आहे.

तुम्ही लिहिलंय: “१२ जुलैला पेनसिल्व्हेनियात जुना ट्रक घेतला आणि चालवत न्यू जर्सीला आणला. २५ ऑगस्टला ईआयएन (धंद्याचा टॅक्स नंबर) काढला, शुक्रवारी २९ ला कागद दिले. ऑनलाइन रिजेक्ट झालं म्हणाले. पाच मिनिटांचा फॉर्म, दहा दिवस लावले, ६४५ डॉलर घेतले. ट्रकचं वजन १८ हजार पौंड, तरी सगळ्यात वरचा कर लावला. शेवटी बिल ऑफ सेल (खरेदीची पावती) दाखवून ८ सप्टेंबरला प्लेट मिळाली, मग यांची गरज काय होती?”

आधी ६४५ चं. दादा, हा आकडा वाचून आमच्या ओळखीतल्या दोघांनी फोन करून विचारलं, एका फॉर्मचे एवढे घेता का म्हणून. आमची फी ९५ डॉलर. उरलेले ५५० हा केंद्राचा कर. तो चेक ‘युनायटेड स्टेट्स ट्रेझरी’ या नावाने लिहायचा असतो, आमच्या नावाने कधीच नसतो, आणि तो पैसा हायवे ट्रस्ट फंडात जातो. नेटवर तीस डॉलरला फॉर्म भरता येतो हे खरं आहे, पण तिथेही हे ५५० द्यावेच लागतात. “६४५ घेतले” असं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं सगळे आमच्या खिशात गेले. भाड्याच्या दोन खोल्यांतलं आमचं ऑफिस अशा एका आकड्याने बसू शकतं.

वजनाबद्दल. २२९० मध्ये नुसत्या ट्रॅक्टरचं (ट्रकच्या पुढच्या, इंजिनवाल्या भागाचं) वजन धरत नाहीत. रिकामा ट्रक, त्याला नेहमी जोडतात तो रिकामा ट्रेलर आणि दोन्ही मिळून जास्तीत जास्त जो माल वाहतात, या सगळ्यांची बेरीज म्हणजे करपात्र वजन. ५५,००० पौंडाला कर सुरू होतो, १०० डॉलर. पुढच्या प्रत्येक हजार पौंडाला २२ डॉलर वाढतात आणि ७५,००० च्या वर गेलं की सरसकट ५५०. अठरा हजार पौंडाचा ट्रॅक्टर ट्रेलर लावून ८०,००० वर रजिस्टर होतो, तेव्हा तो शेवटच्याच गटात बसतो. इथे कमी वजन दाखवून १०० डॉलरमध्ये भागवून देणारे लोक आहेत. रजिस्ट्रेशनवर एक वजन आणि २२९० वर दुसरं, हे पुढे कधीतरी उघडं पडतंच, आणि तेव्हा भोगावं लागतं मालकाला. आम्ही ते करत नाही.

आता ते दहा दिवस. हेच मनाला लागलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

२२९० ला सोशल सिक्युरिटी नंबर चालत नाही, ईआयएनच लागतो. ईआयएन ऑनलाइन दहा मिनिटांत मिळतो, पण तो ई-फाइलच्या यंत्रणेत दिसायला साधारण दोन आठवडे जातात. तोवर नाव आणि नंबर जुळत नाहीत आणि फॉर्म परत येतो. मग तो मी भरू दे, तीस डॉलरवाल्या वेबसाइटवर भरा, नाहीतर मोठ्या सीपीएकडे जा. २५ ऑगस्टला काढलेल्या ईआयएनचे दोन आठवडे कधी भरतात ते कॅलेंडरमध्ये बघा: ८ सप्टेंबर. तुमचे दहा दिवस या दोन आठवड्यांच्या पोटातले आहेत.

मुदतीचा हिशेब वेगळा चालतो. या कराचं वर्ष १ जुलै ते ३० जून. जुन्या मालकाने भरलेला कर ३० जूनला संपतो, तो नवीन मालकाला पुढे चालत नाही. गाडी ज्या महिन्यात पहिल्यांदा रस्त्यावर आली, त्याच्या पुढच्या महिन्याच्या अखेरीस फॉर्म द्यायचा. विकत घेतलेला ट्रक चालवत घरी आणला तरी तो पहिला वापर धरतात. म्हणजे जुलैच्या गाडीला ३१ ऑगस्ट. २०२५ मध्ये ३१ ला रविवार होता आणि १ सप्टेंबरला लेबर डे, म्हणून मुदत मंगळवार २ सप्टेंबरपर्यंत गेली.

अशा वेळी वाट एकच उरते, कागदी फॉर्म. सही, शेड्यूल १ (गाडीचा तपशील; हाच शिक्का मारून परत येतो आणि रजिस्ट्रेशनला दाखवायचा असतो) च्या दोन प्रती, पैसे भरण्याचं व्हाउचर आणि चेक घालून पाकीट लुईव्हिल, केंटकीला पाठवायचं. मुदतीच्या आत पोस्टाचा शिक्का पडला की फॉर्म वेळेत भरला असं धरतात, म्हणून आम्ही सर्टिफाइड मेलशिवाय पाठवत नाही आणि पावती फाइलला लावून ठेवतो. मुदत चुकली तर फॉर्म न भरल्याबद्दल दरमहा साडेचार टक्के, पाच महिन्यांपर्यंत, पैसे उशिरा भरल्याचा अर्धा टक्का वेगळा, व्याज त्यावर. तुमच्या रिव्ह्यूत उशिराची तक्रार आहे, दंडाची नाही. तो शब्द का नाही, याचा वाचणाऱ्यांनी विचार करावा. २०२५ ला गौरी ३१ ऑगस्टला आल्या आणि २ सप्टेंबरला गेल्या. ते तीनही दिवस आमच्या घरात पाहुणे होते आणि मी कागद घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसलेली होते. सुट्टीत फोन लागला नाही एवढं तुम्हाला दिसलं.

“पाच मिनिटांचा फॉर्म” म्हणालात. भरायला पाच मिनिटं लागतही असतील, तपासायला वेळ लागतो. आमच्याकडे या मोसमात व्हॉट्सॅपवर आलेल्या एका फोटोत (हा दुसऱ्या कुणाचा, नाव विचारू नका) व्हिन नंबरमध्ये (गाडीच्या ओळख क्रमांकात) स्पष्ट ‘ओ’ लिहिलेला होता. सतरा अक्षर-अंकांच्या व्हिनमध्ये आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, शून्याशी आणि एकाशी गल्लत होऊ नये म्हणून. तिथे शून्य असणार होतं. गाडीच्या दारावरच्या पट्टीचा फोटो पुन्हा मागवला तेव्हा आठाच्या जागी बी लिहिलेला आहे हेही सापडलं. तसाच फॉर्म गेला असता तर शिक्का मारलेलं शेड्यूल १ हातात येऊनही काउंटरवरून परत पाठवलं असतं. ९५ डॉलर आम्ही या कामाचे घेतो. गाडी वर्षात ५,००० मैलांच्या आत चालणार असेल तर कर माफ होतो, शेतीच्या गाडीला ७,५००, हेही आम्ही प्रत्येकाला आधी विचारतो. नुसता फॉर्म भरणारी वेबसाइट तुमच्याशी बसून हे बोलत नाही.

आणि बिल ऑफ सेल. विकत घेतल्यापासून साठ दिवसांच्या आत ती दाखवली तर २२९० च्या शिक्क्याशिवाय रजिस्ट्रेशन होतं, हा नियम आहे. १२ जुलैपासूनचे साठ दिवस १० सप्टेंबरला संपत होते. ही वाट आमच्या ऑफिसात पहिल्याच भेटीत सांगतात, प्रत्येकाला सांगतात. प्लेट मिळाली म्हणून कर माफ होत नाही, २२९० भरावाच लागतो. “मग यांची गरज काय होती” हे वाक्य वाचून मी आणि माझे मिस्टर बराच वेळ काही बोललो नाही. तीन भागांची परीक्षा देऊन मी एनरोल्ड एजंट (केंद्राचा परवाना असलेली टॅक्स सल्लागार) झाले आहे. एक्साइजची (ठरावीक वस्तू, सेवा आणि वापरांवरच्या करांची) कामं बरेच जण घेत नाहीत. टॅनिंग बेड असलेल्या सलूनचा दहा टक्के कर, कंपनी स्वतः चालवते त्या हेल्थ प्लॅनवर ३१ जुलैला भरायची फी, ही फॉर्म ७२० ची छोटी छोटी कामं घेऊन आपली माणसं आमच्याकडे येतात, कारण आम्ही मराठीत समजावून सांगतो.

फोनचं आम्ही मनावर घेतलंय, सुट्टीतही कुणीतरी उचलेल अशी सोय बघतोय. ईआयएनच्या दोन आठवड्यांबद्दल दारावर ठळक पाटी लावायचीही आहे.

पुढच्या वेळी आमच्याकडे या किंवा येऊ नका, तो तुमचा हक्क. पण २२९० १ जुलैपासून भरता येतो, ऑगस्टच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत थांबू नका. मधेच ट्रक विकला तर उरलेल्या महिन्यांचा कर फॉर्म ८८४९ वर परत मागता येतो, त्याची तारीख लिहून ठेवा. स्टार वाढवा असं मी म्हणत नाही. तो ६४५ चा आकडा तेवढा दुरुस्त करा: ५५० सरकारचे, ९५ आमचे.