बोंबलाला भोत नसतं हो!

समुद्रातल्या मासेमोजणीवरच्या लेखातलं "ध्वनिलहरी सोडल्या की समुद्रात कुठला मासा किती, ते थेट मोजता येतं" हे वाक्य जरा जास्तच झालं. माशांवर आपटून परत येणारा आवाज मुख्यतः माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून येतो, आमच्याकडे घोळीचं भोत म्हणतात ना, सोन्याच्या भावानं जातं, तेच. आता बोंबलाला आणि सुरमईला ही पिशवीच नसते, मग त्यांचा आवाज एकदम क्षीण, आणि लेप तर तळाला चिकटून असतो, त्याचा आवाज तळाच्याच आवाजात मिसळतो. मग कोकणात मोजणार काय, फक्त तारली?

हर्णैला काकांच्या बोटीवर फिश फाइंडर आहे, म्हणजे आवाज सोडून मासे स्क्रीनवर दाखवणारं मशीन, साधाच. एकदा स्क्रीनवर लालभडक पट्टा दिसला, सगळे म्हणाले बांगडा बांगडा, जाळं ओढलं तर निव्वळ ढोमी, डिझेलचे पैसे पण सुटले नाहीत. सर्व्हेच्या बोटीवरची मशीन कितीतरी भारी असते मान्य, पण तिलाही मधेमधे जाळं टाकून माशांची जात आणि लांबी बघावीच लागते, त्याशिवाय आवाजावरून मासे किती टन ते काढता येत नाही. लेखात त्या जाळ्याचा उल्लेखच नाही, आणि खरी मेहनत तर तिथेच आहे.