‘चाकांवरची घरं’ जागची हलत नाहीत

अमेरिकेतल्या मोबाइल होम पार्कांचा, म्हणजे कारखान्यात बनवून आणलेल्या घरांच्या वस्त्यांचा, विषय निघाला की ठरलेला मजकूर फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा: ही चाकांवरची घरं, कंटाळा आला की माणसं घर गाडीला जोडून निघतात, मग तिथे शेजार कसला? राहणारे सगळे भाडोत्री, त्यांना वस्तीची काय पडलीय? मालकाने क्लबहाऊस बांधून चार कार्यक्रम केले तरच ओळखीपाळखी होतात. आणि कारभार रहिवाशांच्या हाती दिला तर वाटोळं ठरलेलं. पहिले तीन मुद्दे टिकत नाहीत. चौथ्यात थोडं तथ्य आहे.

‘घर जोडून निघतात’

नावात मोबाइल असलं तरी घर आयुष्यात बहुधा एकदाच प्रवास करतं, कारखान्यापासून पार्कापर्यंत. १५ जून १९७६ पासून या घरांना केंद्रीय बांधकाम नियमावली लागू आहे. त्यानंतरच्या घरावर बाहेरून लाल पत्र्याची पट्टी दिसते. पार्कात आणल्यावर लोखंडी सांगाडा काँक्रीटच्या ठोकळ्यांवर टेकवतात, पोलादी पट्ट्यांनी जमिनीतल्या अँकरना बांधतात आणि खालची पोकळी स्कर्टिंगने, म्हणजे भोवतीच्या आडोशाने, झाकतात. चाकं बहुतेकदा काढलेलीच असतात. हलवायचं म्हटलं तर पाणी, सांडपाणी, वीज, गॅस तोडा, डेक मोडा, डबल-वाइड, म्हणजे दोन भाग जोडून केलेलं घर, असेल तर मधल्या सांध्यावर दोन तुकडे करा, रस्त्याचा परवाना काढा आणि नव्या जागी पुन्हा लेव्हल करा. खर्च सहज ५ ते १५ हजार डॉलर. एवढं करून जुनं घर, त्यातही १९७६ च्या आधीचं, दुसरा पार्क सहसा घेतच नाही.

‘भाडोत्रीच ते’

घर त्यांचं, जमीन दुसऱ्याची, आणि जमिनीचं दरमहा ‘लॉट रेंट’. इमारत सोसायटीची आणि जमीन अजून बिल्डरच्या नावावर, म्हणून डीम्ड कन्व्हेयन्ससाठी खेटे घालणाऱ्यांना हा पेच वेगळा समजावून सांगायला नको. पार्कात त्यावर आणखी एक कडी: लॉट रेंट वाढलं तरी घर उचलून नेणं परवडत नाही. तेव्हा आस्था नाही हे खरं नव्हे. पाणी गढूळ येतंय म्हणून तक्रार केली आणि मालकाने करार पुढे वाढवला नाही तर जायचं कुठे, ही धास्ती असते. माणूस गप्प बसतो, शेजाऱ्याशीही त्या विषयावर बोलत नाही. तोंड ओळखीचं आणि दुखणं गुपित, अशा वस्तीत पंचवीस वर्षं काढूनही एकोपा होत नाही.

‘क्लबहाऊस हवं’

असलं तर उत्तम. पण ओळख होते ती टपालपेट्यांपाशी. बऱ्याच पार्कांत सगळ्या पेट्या प्रवेशाजवळ एकत्र असतात आणि दिवसातून एकदा जो तो तिथे येतो. एक बाक, एक दिवा आणि पाऊस न लागणारा सूचनाफलक, एवढं तिथे पुरतं. सूचना इंग्रजीत आणि स्पॅनिश बोलणारी घरं असतील तर स्पॅनिशमध्येही. फलकावर तीन महिन्यांपूर्वीचा कागद राहिला की लोक तिकडे बघणं सोडतात.

दुसरं, हिवाळा. न्यू हॅम्पशरसारख्या थंडीत जमिनीतून फरशीखाली येणाऱ्या नळाला हीट टेप, म्हणजे तापणारी विजेची तार, लावावी लागते. ऑक्टोबरात प्लग लावला का, टेपवरचा दिवा पेटतो का, एवढंच बघायचं असतं आणि नवा माणूस नेमका हेच विसरतो. टेप साधी असेल तर ती स्वतःवरच गुंडाळली जाता कामा नये, तिथे तापून आग लागते. टेप बंद पडली की लोक नळ बारीक धारेने सोडून ठेवतात. दहा घरांनी हे केलं की सामायिक विहिरीचा दाब उतरतो, आणि ती बारीक धार सांडपाण्याच्या पाइपात गोठून तोच तुंबतो. एका घराची चूक आख्ख्या गल्लीला भोवते. म्हणून दर आठ-दहा घरांमागे एक गल्लीप्रमुख नेमावा. त्याने नव्या कुटुंबाला पहिल्याच आठवड्यात भेटून पाण्याचा व्हॉल्व्ह कुठे, हीट टेपचा प्लग कुठे, बर्फ काढणारी गाडी किती वाजता येते आणि तेव्हा मोटार कुठे लावायची हे दाखवावं. ऑक्सिजन मशीनवर कोण आहे, चालता न येणारं कोण आहे, ही यादीही त्याच्याकडे हवी. या अर्ध्या तासाने जी ओळख होते ती चार बार्बेक्यूंनी होत नाही. (बार्बेक्यूला विरोध नाही.)

वादळाच्या पट्ट्यात तर ही यादी जिवाची गोष्ट आहे, कारण टॉर्नेडोत हे घर खरोखर धोक्याचं. मिनेसोटात दहा किंवा अधिक घरांच्या पार्काला वादळी आसरा किंवा स्थलांतराचा आराखडा सक्तीचा आहे. आसरा असतो, किल्ली मात्र एकाच माणसाकडे आणि तो गावाला गेलेला, असं होऊ देऊ नये.

‘रहिवासी वाटोळं करतील’

१९८४ साली न्यू हॅम्पशरमध्ये मेरेडिथ इथल्या १३ कुटुंबांनी सहकारी संस्था काढून आपल्या पार्काची जमीन विकत घेतली. कर्ज स्थानिक कम्युनिटी लोन फंडाने दिलं. आज त्या राज्यात असे शंभराहून जास्त पार्क आहेत. २००८ पासून ‘आरओसी यूएसए’ ही संस्था रहिवाशांना पार्क विकत घ्यायला मदत करण्याचं काम देशभर करते, आणि तिच्या जाळ्यातल्या पार्कांची संख्या तीनशेच्या वर गेली आहे. रचना आपल्या गृहनिर्माण सोसायटीसारखीच: माफक सभासद शुल्क, एका घराला एक मत, निवडून आलेलं मंडळ. जमिनीचं कर्ज लॉट रेंटमधून फिटतं.

आता त्यातलं तथ्य. बिघडतं ते दोन ठिकाणी. एक, मतं सांभाळायला मंडळ भाडं वाढवतच नाही, राखीव निधी उरत नाही, मग जुनी मुख्य जलवाहिनी फुटली की भाडं एकदम चढतं आणि सभेत आरडाओरडा होतो. खरेदीआधी अभियंत्याकडून पाइप, सेप्टिक, रस्ते तपासून दहा वर्षांचा खर्च मांडावा, त्या हिशोबाने पहिल्याच वर्षापासून रक्कम बाजूला काढावी आणि भाडं दरवर्षी थोडं थोडं वाढवावं. दोन, थकबाकी. शेजाऱ्याने शेजाऱ्याच्या दारात पैसे मागायला जाऊ नये. वसुली पगारी व्यवस्थापकाकडे, नोटीस वकिलाकडे. कुत्रा, पार्किंग, स्कर्टिंग यांच्या तक्रारी लेखीच घ्याव्यात आणि पहिली समज सगळ्यांना एकाच नमुन्यातली द्यावी, मंडळाच्या अध्यक्षालासुद्धा.

आणि वेळ. न्यू हॅम्पशरच्या कायद्यानुसार पार्क विकण्याआधी मालकाने रहिवाशांना ६० दिवसांची सूचना द्यावी लागते. त्यात संघटना उभी करायची, तपासणी करून घ्यायची, कर्ज मिळवायचं. एकमेकांचे फोन नंबरही नसलेल्या पार्कात पहिले तीन आठवडे दारं ठोठावण्यातच जातात. जिथे गल्लीप्रमुखांच्या याद्या आधीपासून तयार असतात, तिथे पहिली सभा त्याच आठवड्यात लागते.