'रसायनमुक्त आफ्रिका' म्हणे!

आज दुपारी नैसर्गिक शेतीवरच्या एका ऑनलाइन व्याख्यानाला बसले होते. वक्ते आपल्यातलेच, तुमच्यापैकी निम्मे जण तिथे होतात. मध्येच एक स्लाइड आली. डोक्यावर मक्याची टोपली घेतलेली हसरी आफ्रिकन बाई आणि खाली ओळ: 'जगातला सर्वात रसायनमुक्त खंड'. यांच्याकडून शिकायला हवं, असं वक्ते म्हणाले. चॅटमध्ये जोडलेल्या हातांची रांग लागली. मी बाहेर पडले, चहा केला, तरी डोकं शांत होईना. म्हणून हे लिहितेय.

मी आग्नेय आफ्रिकेतल्या मलावीत राहून आलेय, हे तुम्हाला माहीत आहे. राजधानी लिलाँग्वेपासून थोडं लांब एका गावात पोषणाचं काम होतं. शेजारच्या बाईंना सगळे 'अमायी' (म्हणजे आई) म्हणायचे, मीही म्हणायचे. एकरभर रान, सगळा मका. 2022 च्या हंगामात सरकारी खत-अनुदानाच्या यादीत त्यांचं नाव लागलं. एक पोतं मिश्र खत, एक पोतं युरिया, प्रत्येकी 15,000 क्वाचा (तिथलं चलन) भरायचे. बाजारात तेच पोतं कितीतरी पट किमतीला. हे पैसे त्यांनी जमवले दुसऱ्याच्या रानात रोजाने जाऊन. तिकडे याला 'गान्यू' म्हणतात. ऐन पेरणीच्या दिवसांत स्वतःचं रान तसंच ठेवून ही बाई दुसऱ्याचे सरे ओढत होती.

मग खत मिळायच्या डेपोची रांग. ओळखपत्र मशीनवर स्कॅन व्हायला हवं, तर नेटवर्क नाही. अमायी रात्री तिथेच, चितेंजे (कमरेला गुंडाळायचं कापड) पांघरून, बाकीच्या बायकांबरोबर आडव्या झाल्या. मिश्र खत मिळालं. युरिया 'येणार आहे'. तो आला तेव्हा मक्याला तुरे आले होते. तुरा आल्यावर टाकलेला युरिया पिकाच्या फारसा कामी येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

हे घ्या तुमचं रसायनमुक्त!

मलावीला समुद्र नाही. खताचं जहाज मोझांबिकमधल्या बैरा किंवा नकाला बंदराला लागतं, नाहीतर टांझानियात दार-ए-सलामला. तिथून पुढे ट्रक, डिझेल, सीमेवरच्या रांगा. बंदरातला भाव आणि गावातला भाव यांची भेटच होत नाही. त्यात सगळा व्यवहार डॉलरमध्ये, आणि देशाला डॉलर मिळतात मुख्यतः तंबाखूतून. 2022 च्या फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध सुरू झालं, जगभर खत भडकलं. मे महिन्यात क्वाचाचं 25 टक्के अवमूल्यन झालं. आणि त्याच वर्षी सरकारने खतासाठी सुमारे 75 कोटी क्वाचा आगाऊ दिले कोणाला? ब्रिटनमधल्या एका मांसविक्रीच्या कंपनीला! खत आलंच नाही. ऑक्टोबरमध्ये कृषिमंत्र्यांना घरी पाठवलं. मंत्री गेले, पाऊस काही थांबून राहिला नाही. डेपोवर झोपलेल्या अमायींना यातलं काय कळलं असेल? रेडिओवर ऐकलं असेल तेवढंच.

हो, मान्य. शिरोळकडची क्षारपड जमीन मीही पाहिलीय, पाणी आणि खत बेसुमार ओतल्यावर काय होतं ते ठाऊक आहे. मलावीतही वर्षानुवर्षं नुसता मका आणि नुसतं नत्र देऊन जमीन थकलीय, आणि अनुदानाने शेतीचं निम्मं बजेट गिळलं, हेही खरंच. पण जिच्या हातात कोकच्या बाटलीचं झाकण आहे आणि जी दर ठोंबाला तेवढंच मोजून खत घालतेय, तिला 'कमी वापरा' सांगणारे आपण कोण?

अमायींचा हात त्या झाकणावर इतका बसलेला की दाणा सांडायचा नाही. सांडलाच तर वेचायच्या.

आणि शेणखत? मित्रांनो, शेण येणार कुठून? त्या गावात गाय असलेलं घर शोधावं लागायचं. चार कोंबड्या, फार तर दोन शेळ्या. चराईला रान नाही, माणसंच दाटीने राहतात. आपण देशी गाईवर तासन्‌तास बोलू शकतो, कारण आपल्याकडे ती आहे.

(ज्यांचा राग मी काढतेय ते वक्ते मनाने चांगले आहेत. त्यांच्या शेतावर मी राहिलेय, त्यांच्या हातची भाकरी खाल्लीय. त्यांनी तो फोटो कौतुकानेच लावला असणार. त्याचाच जास्त त्रास होतोय.)

2006 साली नायजेरियातल्या अबुजात आफ्रिकेतल्या सरकारांनी ठरवलं होतं की 2015 पर्यंत हेक्टरी 50 किलो खतातली अन्नद्रव्यं शेतात पोचवायची. सहाराच्या दक्षिणेकडची सरासरी अजून त्याच्या निम्म्यावरही नाही. खंडात खत बनत नाही म्हणाल, तर तसंही नाही. मोरोक्को जगभर फॉस्फेट विकतो, आपणही त्याचं गिऱ्हाईक. नायजेरियात लागोसजवळ उद्योगपती डांगोटेंच्या वर्षाला 30 लाख टनांच्या युरिया कारखान्याचं 2022 मध्येच उद्घाटन झालं, आणि त्याची जहाजं निघाली ब्राझील-अमेरिकेकडे. डॉलर जिकडे, जहाज तिकडे.

अमायींच्या पलीकडच्या घराने मका कमी करून तंबाखू लावली. कंपनी खत उधारीवर देते, वेळेवर देते, पीक विकताना वळतं करून घेते. मक्याला अशी उधारी कोणी देत नाही. अमायींनीही विचारलं होतं, पण कंपनीला एवढ्याशा तुकड्यात रस नव्हता. मग त्यांनी पुढच्या वर्षी 'म्बेया' केलं: थोडं विकतचं खत, त्यात मक्याचा कोंडा, राख, कोंबड्यांची विष्ठा, आणि तीन आठवडे बंद करून मुरवायचं. एक पोतं असं पुरवून पुरवून वापरतात.

तेव्हा खाली कमेंटमध्ये जीवामृताची (शेण-गोमूत्राच्या द्रावणाची) कृती टाकू नका. कोणाला डेपोतलं नेटवर्क, बैराहून येणारे ट्रक किंवा पेरणीआधी मिळणारं कर्ज यावर काही सुचत असेल तर लिहा, मी वाचते.