सर्वर तिकडे, मी मानेवाड्यात

ओपन सोर्स, म्हणजे कोणालाही वापरता आणि बदलता येणाऱ्या सॉफ्टवेअरच्या लायसनमध्ये एक परिच्छेद असतो, सगळा कॅपिटल अक्षरांत, आणि त्याचा मतलब इतकाच की बाबा रे, हे जसं आहे तसं घे, वॉरंटी कसलीही नाही, बिघडलं तर दुरुस्तीचा खर्च तुझा. इतका प्रामाणिक कागद मी तरी दुसरा पाहिला नाही. पण वाचनालयाच्या कार्यकारिणीसमोर मी हा परिच्छेद मराठीत समजावून सांगितला तेव्हा अध्यक्षसाहेब शांतपणे म्हणाले, "ते ठीक आहे बाबू, पण तू आहेस ना." झालं. जीपीएलनं, म्हणजे त्या लायसननं, जी वॉरंटी द्यायला साफ नकार दिला, ती त्या दिवसापासून मी आहे.

वाचनालय नागपूरपासून एसटीनं दोनेक तासांवर, तालुक्याच्या गावी. नाव सांगत नाही, मामांचं गाव आहे, मला तिथं अजून जेवायला जायचं असतं. ‘ब’ दर्जाचं वाचनालय, म्हणजे १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली जे अ ब क ड दर्जे आहेत त्यातला दुसरा, पुस्तकं भरपूर, कपाटं लाकडी, देवघेवीचं रजिस्टर हातानं लिहिलेलं. विकतच्या सॉफ्टवेअरची कोटेशनं आली होती, ती वाचून खजिनदारांनी पाणी मागितलं. म्हणून मी कोहा नावाचं वाचनालयांसाठीचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर सुचवलं. न्यूझीलंडमधल्या हॉरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टचं जुनं सॉफ्टवेअर २००० साल उजाडलं की तारखांचा घोळ घालणार होतं, तेव्हा दुसरं विकत घेण्याऐवजी त्यांनी नवीनच लिहून घेतलं, जानेवारी २००० मध्ये चालू केलं आणि वरून सगळ्या जगाला वाटून टाकलं. ही गोष्ट सभेला फार आवडली. त्यातलं ‘वाटून टाकलं’ एवढंच ऐकू गेलं असावं, कारण ठरावात "सदर प्रणाली विनामूल्य असल्याने" असं लिहून लगेच पुढचा विषय घेतला, गणपतीची वर्गणी.

आता कोणी म्हणेल क्लाऊडवर का नाही टाकलं. अध्यक्षांचा पुण्याचा भाचा आयटीत आहे, तो दर सणाला गावी येऊन हेच म्हणतो. पण वाचनालयाच्या हिशोबात टेबल, खुर्ची, पंखा, संगणक यांना खातं आहे, दर महिन्याला कार्डावरून कटणाऱ्या रकमेला खातं नाही, आणि जे खात्यात बसत नाही ते लेखापरीक्षणात बसत नाही. त्यामुळे एका सभासदाच्या मुलानं टाकून दिलेला डेस्कटॉप, तो ग्रंथपाल मॅडमच्या टेबलाखाली, त्यावर डेबियन लिनक्स, त्यावर कोहा. इन्स्टॉलेशनबद्दल सांगण्यासारखं काही नाही, कारण ते सरळ झालं. पॅकेजचा पत्ता जोडला, कोहा-कॉमन घातलं, अपाची हा वेबसर्वर आणि मारियाडीबी हा डेटाबेस जागेवर बसले, लायब्ररी तयार करायची एक कमांड दिली, मॅडमनी पहिलं पुस्तक चढवलं, पेढे झाले, मी संध्याकाळच्या एसटीनं नागपुरात गणेशपेठला उतरलो आणि मानेवाड्याला घरी आलो. इथपर्यंत कोणालाही जमतं. खरं काम घरी आल्यावर सुरू होतं.

एक तर त्या सर्वरपर्यंत पोचायचं कसं. गावातलं इंटरनेट असं की एकाच पब्लिक आयपीमागे, म्हणजे इंटरनेटवरच्या एकाच पत्त्यामागे, कंपनीनं कितीतरी घरं बसवलेली, त्यामुळे आतून बाहेर जाता येतं, बाहेरून आत यायला दारच नाही. मग उलटा रस्ता काढला. मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये एक बारकुसा व्हीपीएस, म्हणजे मोठ्या मशीनमधला सर्वरचा एक तुकडा, भाड्यानं घेतला (हे भाडं मी भरतो, खातं नाही ना), गावचा सर्वर स्वतःहून त्याला एसएसएचचं (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायची सोय) टनेल टाकून धरून बसतो आणि मी इकडून मुंबईला जाऊन त्याच टनेलनं परत विदर्भात येतो. दोन तासांवरच्या टेबलाखालच्या डब्यात मी एक अक्षर दाबलं की ते आधी मुंबईला जातं, तिथून परत येतं, आणि स्क्रीनवर उमटायला पुन्हा तेवढाच फेरा. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, माझी अक्षरं रोज त्याहून जास्त हिंडून राहिली, तीही टोल न भरता. तरी चालतं हो! १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात पासवर्ड चोरीला गेले म्हणून वैतागून टाटू युलोनेन नावाच्या माणसानं एसएसएच लिहिलं, त्याच्या कुटुंबात सगळं चांगलं होवो.

त्या मुंबईवाल्या व्हीपीएसवर मात्र जगभरातले लोक दार वाजवत असतात. लॉग उघडला की रूट, ॲडमिन, टेस्ट, ओरॅकल, अशा नावांनी पासवर्ड टाकून पाहणाऱ्यांची रांग, रात्रंदिवस. सारखं चुकणाऱ्याला हाकलणारं फेलटूबॅन लावलं, पासवर्डनं लॉगिनच बंद केलं, डिजिटल किल्लीच चालते. मॅडमना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "इतके लोक प्रयत्न करून राहिले तर आपली सभासद संख्या का नाही वाढत?"

दुसरं प्रकरण मोठं. मे लागला आणि सर्वर रोज मरायला लागला.

रोज म्हणजे रोज, रविवार धरून. संध्याकाळी आपोआप जिवंत. बूटची यादी काढली तर आधीचा प्रत्येक बूट अर्ध्यावर तुटलेला, नीट शटडाऊन एकही नाही, आणि मारियाडीबी दरवेळी उठल्यावर मुकाट्यानं क्रॅश रिकव्हरी करून कामाला लागलेली, तक्रारीचा एक शब्द नाही. (हा डेटाबेस सुरू करणाऱ्या मोंटी विडेनियसनं त्याला धाकट्या मुलीचं नाव दिलंय. पोरगी गुणाची निघाली.) तुटायची वेळ दरवेळी साडेसहा ते पावणेसातच्या मध्ये. मी रॅम तपासली, तापमान पाहिलं, साडेसहाला आपोआप चालणारा कोणता क्रॉन जॉब आहे का ते शोधलं, काही नाही. मग लक्षात आलं, घड्याळ यूटीसीवर, जागतिक वेळेवर, म्हणजे त्यात साडेपाच तास मिळवायचे, म्हणजे दुपारचे बारा ते सव्वाबारा. बाराला वाचनालय बंद होतं, मॅडम जेवायला घरी जातात ते चारला येतात, त्यामुळे तिथल्या कोणालाच या मरणाची खबर नाही, सुतक फक्त मला.

शिपाई काकाजींना फोन लावला.

"काकाजी, दुपारी बाराला तिथं काय होतं?"

"बाराले? काही नाही होत जी. पेपरवाला हॉल तेवढा उघडा ठेवतो."

"आणखी?"

"आणखी काय, म्हातारेकोतारे येतात पेपर वाचाले. ऊन किती होऊन राहिलं दादा, पंचेचाळीस. मंग मी कूलर लावून देतो त्याह्यले."

"कूलरचा प्लग कुठं लावता?"

"मॅडमच्या टेबलाखाली एकच तर पॉइंट चालू आहे. थो डब्बा काढतो, कूलर लावतो. डब्बा थोडा वेळ टीं टीं करते, मंग गप होते आपोआप. चार वाजता परत लावून देतो ना, बटन बी दाबतो. तुम्ही नका काळजी करू."

टीं टीं म्हणजे जुना यूपीएस. आठ-दहा मिनिटं जीव तोडून बोंबलायचा बिचारा. ज्यांना नवतपा, मे अखेरचे ते नऊ जळते दिवस, माहीत नाही त्यांना वाटेल की काकाजींना रागवायला पाहिजे होतं. मी नागपुरात राहतो. मे महिन्यात दुपारी बाराला दहा म्हाताऱ्यांच्या अंगावर वाळ्याच्या ताट्यांचा गार वारा येतोय आणि तो काढून तिथं डेटाबेस लावा असं म्हणणारा माणूस विदर्भात निवडून यायचा नाही. मी एवढंच म्हटलं की काकाजी, नवीन पॉइंट काढून घेऊ. त्यासाठी सभा लागते. सभेत ‘किरकोळ दुरुस्ती’ खात्यातून बोर्ड मंजूर झाला, वायरमन लग्नाच्या सीझनमध्ये मांडवांच्या लाइटिंगला जुंपलेला, तो येईपर्यंत डब्बा रोज दुपारी मरत राहिला, आणि एका संध्याकाळी उठलाच नाही.

मी तेव्हा नागपुरात बर्डीवर, व्हरायटी चौकात, हातात भाजीची पिशवी. मॅडमनी स्वतःच्या कॉम्प्युटरचा मॉनिटर आणि कीबोर्ड काढून सर्वरला लावला होता, पण चष्मा घरी राहिलेला, त्यामुळे वाचायला काकाजी. काकाजी जुने मॅट्रिक, इंग्रजी अक्षरं चोख ओळखतात, फक्त ती एकेक करून.

"दादा, काळी पाटी दिसून राहिली. बी, यू, एस, वाय, बी, ओ, एक्स. त्याच्या खाली कंसात आय, एन, आय, टी..."

बिझीबॉक्स, इनिटरॅमएफएस. म्हणजे मशीन रूटची फाइल सिस्टीम हाती घ्यायला तयार नाही, हातानं एफएससीके, म्हणजे डिस्क तपासून दुरुस्त करणारी कमांड, चालवा म्हणतंय. मला माझ्या जागेवरून काही करता येत नव्हतं, नेटवर्कच वर आलेलं नाही तर टनेल कुठून येणार. एसएसएच, मुंबई, सगळं शून्य. आता माझी बोटं म्हणजे काकाजींची बोटं.

"काकाजी, मी सांगतो तसं दाबा. एफ. एस. सी. के."

"एफ... एस... सी... के. दाबलं."

"आता एक जागा सोडा. लांब बटन."

"सोडली."

"आता आडवी रेघ. शून्याच्या बाजूला आहे. वरची नाही, खालची."

"एकाच बटनावर दोन रेघा आहे जी."

"शिफ्ट न दाबता जी येते ती. मग वाय. मग परत जागा सोडा. आता तिरपी रेघ."

इथं फोनवर शांतता. मग काकाजी म्हणाले, "दोन आहेत."

"काय दोन आहेत?"

"तिरप्या रेघा. एक इकडे पडून राहिली, एक तिकडे."

आता भर व्हरायटी चौकात, मागे आपली बस हॉर्न वाजवतेय, पुढे ऑटोवाला सवारी बोलावतोय, आणि मी गर्दीत उभा राहून ओरडून राहिलो, "प्रश्नचिन्हाच्या खालची! काकाजी, ज्या बटनावर प्रश्नचिन्ह आहे ना, त्याच्या खालची तिरपी!" बाजूचा संत्रीवाला हातातली संत्री हातातच धरून पाहत होता. डी, ई, व्ही, परत तीच तिरपी, एस, डी, ए, आणि एक. "इंग्रजी एक की मराठी एक?" काकाजींनी विचारलं, आणि खरं सांगतो, अनेक सिनिअर इंजिनिअर इतकी खात्री करून घेत नाहीत.

"आता सगळं मला वाचून दाखवा, मग एंटर."

वाचलं. बरोबर होतं. "पण दादा, थे वाय कायचा?"

"ते मधेमधे विचारेल, हे दुरुस्त करू का, ते दुरुस्त करू का. वाय म्हणजे सगळ्याला हो."

"न वाचताच?"

"न वाचताच."

"म्हणजे आपल्या वार्षिक सभेवानी," काकाजी म्हणाले आणि एंटर दाबला.

बराच वेळ ओळी धावत राहिल्या, त्यांचं धावतं समालोचन मला मिळत होतं, अमुक आकडा, तमुक आकडा, फिक्स, फिक्स. मग काकाजींचा आवाज एकदम पडला. "दादा. एम, ओ, डी, आय... मोडलं म्हणते जी. मोडलं लिहून आलं." फाइल सिस्टीम वॉज मॉडिफाइड. मी म्हटलं मोडलं नाही, सुधारलं, आता एक्झिट लिहा. "एक्झिट? बंद करून टाकू? इतकी मेहनत करून?" शेवटी लिहिलं. मी मोबाइलवर मुंबईचा व्हीपीएस उघडून डोळे लावून बसलो, आणि थोड्या वेळात टनेल आलं, माझा प्रॉम्प्ट आला, कोहाचं पान उघडलं. तिकडून काकाजी मॅडमना सांगताना ऐकू आले, "झालं मॅडम. म्या केलं." यात खोटं एक अक्षर नाही. मी संत्री घेतली, न घासाघीस करता.

भाच्यानं नंतर फोन करून कळवलं की विंडोज टाकलं असतं तर ही वेळ आली नसती.

वायरमन आला, बोर्ड झाला, कूलर आणि सर्वर वेगळे राहायला लागले. मधल्या काळात मराठी शोधाचंही निस्तरलं. कोहातला झेब्रा नावाचा शोधणारा भाग मुळात रोमन लिपीच्या हिशोबानं बसवलेला असतो, मराठीत टाइप केलं की एकतर काही नाही, नाहीतर भलतंच. त्यासाठी आयसीयू म्हणून युनिकोडची सोय चालू करून सगळी सूची नव्यानं बांधावी लागते. "सूची आयसीयूत टाकलीय" असा माझा मेसेज वाचून अध्यक्षांनी रात्री दहाला फोन केला, तो भाग सोडला तर काम सोपं होतं.

काकाजी आता बदलले आहेत. लाईट जाऊन आली की तेच आधी फोन करतात. "दादा, दिवा हिरवा आहे, मागची तार लुकलुक करून राहिली, लॉगिन आलं, तुम्ही तिकडून पाहून घ्या." इतका नीट रिपोर्ट मला ऑफिसात मिळत नाही. मागे तर त्यांनी यूपीएसच्या बॅटरीचा अर्ज स्वतः लिहून सभेत ठेवला, कारण म्हणून लिहिलं होतं, "टीं टीं फार कमी वेळ करते." मंजूर झाला.

परवा अध्यक्षसाहेबांचा फोन. शेजारच्या तालुक्यातल्या वाचनालयानं यांचं पाहिलं, त्यांनाही बसवून पाहिजे, कॉम्प्युटर चांगला आहे म्हणतात, आठ जीबी रॅम आहे, एसएसडी आहे, मी त्यांना तुझा नंबर दिला.

मी विचारलं, "रॅमचं नंतर पाहू. शिपाई कोण आहे तिथं?"

"पद रिकामं आहे."

"मग भरू द्या आधी," मी म्हटलं.