‘सिली’वरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘सिली’ या इंग्रजी शब्दावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की इंग्लंडमधल्या सफोक परगण्याचा किस्सा बनावट आहे, आज सिली म्हणजे मूर्ख मग जुने अर्थ उकरून फायदा काय, आणि एकूण ‘व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड वाचल्यासारखं वाटलं’.

सफोकचं मान्य. तिथल्या चर्चेसवरून ‘सिली सफोक’ म्हणजे पवित्र सफोक असं नाव पडलं ही ऐकीव गोष्ट आहे, मी ‘म्हणतात’ असंच लिहिलं होतं, तरी ते वाक्य काढते.

पण फॉरवर्ड? मतभेद असू देत की, चूक दाखवा, पण असं एका शब्दात झटकून टाकायचं ही कुठली पद्धत? मी पाचवीत एबीसीडी गिरवलेली मराठी मीडियमची मुलगी, पुढे उमेदीची वर्षं इंग्रजी शिकवण्यात गेली, आणि जर्मन शिकायला लागले तेव्हा वर्गात ‘झेलिश’ शब्द आला, अर्थ धन्य, परमसुखी. वारलेल्या वडिलांबद्दल बोलताना जुनी जर्मन माणसं हाच शब्द लावायची, आपण कैलासवासी म्हणतो तसा. हाच सिलीचा सख्खा भाऊ. जुन्या इंग्रजीत तो ‘गेसॅलिग’ होता, सुखी, भाग्यवान, मग मध्ययुगात ‘सीली’ झाला, देवाची कृपा असलेला तो निष्पाप, निष्पाप म्हणून कीव करण्याजोगा, मग दुबळा, आणि सोळाव्या शतकाच्या शेवटाकडे मूर्ख. हे कुठल्याही चांगल्या मोठ्या इंग्रजी डिक्शनरीत मिळतं, तुम्ही उघडून बघितली का एकदा तरी? आणि आपला ‘भोळा’ काय वेगळा आहे? महादेवाला म्हटलं की भक्ती, शेजारच्या पोराला म्हटलं की काळजी.

फायद्याचं विचारलंत म्हणून एवढंच सांगते, शेक्सपिअरच्या ‘टू जंटलमेन ऑफ व्हेरोना’त दरोडेखोरांचा म्होरक्या व्हायच्या आधी व्हॅलेंटाइन अट घालतो की ‘सिली’ बायका आणि गरीब वाटसरूंना त्रास द्यायचा नाही. तिथे ‘मूर्ख बायका’ घालून वाचा बरं. तो असहाय बायकांना जपतोय! हा अर्थ माहीत नसेल तर पोरं परीक्षेत उलटंच लिहून येतात, मी तपासलेत असे पेपर.

बाकी सिली मिस्टेक, सिली पॉइंट वगैरे तुम्ही जे लिहिलंय त्यावर आत्ता वेळ घालवत नाही. तुमची प्रतिक्रिया मी उडवणार नाही, राहू दे तिथेच. फक्त तो ‘फॉरवर्ड’ शब्द मागे घ्या.