लोकांना हेच हवं असतं

मोठा स्टुडिओ चालवायला निघाला आहात, अभिनंदन. सिनेमा कसा बनतो हे शिकायच्या भानगडीत पडू नका, त्यासाठी पगारी माणसं मिळतात. तुम्ही एकच वाक्य घोटून पाठ करा : 'लोकांना हेच हवं असतं.' भागधारकांच्या बैठकीत, पत्रकारांसमोर, रडकुंडीला आलेल्या लेखकासमोर, कुठेही चालतं. हे 'लोक' नेमके कोण, असं सहसा कोणी विचारत नाही.

आता लोकांना हेच हवं असावं, यासाठी त्यांच्यासमोर दुसरं काही येऊ नये एवढी काळजी घ्यायची. हॉलिवूडच्या पूर्वजांना ही विद्या चांगली साधली होती. पॅरामाउंट, वॉर्नरसारख्या कंपन्या सिनेमे काढायच्या, त्याच ते वितरित करायच्या, आणि मोक्याच्या शहरांतली थिएटरंही त्यांचीच. स्वतंत्र थिएटरवाल्याला बड्या ताऱ्याचा सिनेमा हवा असेल, तर त्याच्या शेपटीला बांधलेला गठ्ठाही उचलावा लागे. त्यातले काही सिनेमे तर अजून तयारही झालेले नसत. याला म्हणत ब्लॉक बुकिंग. प्रेक्षक लागला असेल तो सिनेमा बघत आणि स्टुडिओ म्हणत, बघा, लोकांना हेच हवं असतं. 1948 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने यात बिब्बा घातला आणि थिएटरं सोडून द्यावी लागली. नाउमेद होऊ नका. त्या खटल्यातून आलेली बंधनं उठवायला 2020 मध्ये न्यायालयानेच मान्यता दिली, आणि तोवर थिएटरावाचून अडेनासंही झालं होतं. ॲप आहे ना. कारखाना तुमचा, दुकान तुमचं, दर्शनी कपाटात काय मांडायचं हेही तुम्हीच ठरवणार.

माल कुठला ठेवायचा? नवी कल्पना कटाक्षाने टाळा. ती चालेल की नाही हे कोणी छातीठोक सांगत नाही, आणि चाललीच तर ती ज्याला सुचली तो डोक्यावर बसतो. त्यापेक्षा चाललेली कल्पना कंपनीसकट विकत घ्यावी. डिस्नीने 2006 मध्ये पिक्सार घेतली, 2009 मध्ये मार्व्हल, 2012 मध्ये लुकासफिल्म, आणि 2019 मध्ये फॉक्सचा बराचसा पसारा सुमारे 7,100 कोटी डॉलरला उचलला. पुढचं काम सोपं : शिळ्या कढीला ऊत आणायचा आणि त्याला 'युनिव्हर्स' म्हणायचं. दुसऱ्या भागात मेलेला नायक चौथ्या भागात उठून बसला तरी बिचकू नका. करारात त्याचे अजून दोन भाग शिल्लक असतात.

टीव्हीवर तर कधी हसायचं हेसुद्धा लोकांवर सोडू नये. चार्ली डग्लस या ध्वनितंत्रज्ञाने 1950 च्या दशकात एक पेटीच बनवली. एक बटण दाबलं की खसखस, दुसरं दाबलं की सातमजली हास्य. अमेरिकेतल्या विनोदी मालिकांनी ती वर्षानुवर्षं वापरली. हसणारे लोक पेटीत, आणि घरातले लोक या विचारात की विनोद आपल्यालाच कसा कळला नाही. (डग्लस ती पेटी कुलूप लावून ठेवायचा, आतलं कोणाला दाखवायचा नाही. आजचे अल्गोरिदमवाले मला याच घराण्यातले वाटतात.)

कधीकधी एखादा दिग्दर्शक हट्टी निघतो. त्याच्यासाठी चाचणीचा खेळ लावा. 1942 मध्ये ऑर्सन वेल्सचा 'द मॅग्निफिसंट अँबरसन्स' आरकेओ या स्टुडिओने असाच प्रदर्शनाआधी प्रेक्षकांना दाखवला. काही जण कंटाळले, भलत्या जागी हसले. काहींनी चिठ्ठ्यांमध्ये भरभरून कौतुकही केलं, पण तसल्या चिठ्ठ्या गठ्ठ्याच्या तळाशी ठेवायच्या असतात. वेल्स त्या वेळी ब्राझीलमध्ये होता, हा मुहूर्त महत्त्वाचा. चाळीसहून अधिक मिनिटं कापली गेली, शेवट दुसऱ्यांकडून गोड करून घेतला, आणि कापलेला भाग नष्ट केला. हा शेवटचा टप्पा नवशिके विसरतात. कापलेलं शिल्लक राहिलं, तर उद्या कोणीतरी ते बघून म्हणणार, हेच बरं होतं की! मग लोकांना काय हवं असतं याबद्दल उगाच दोन मतं पडतात.

अलीकडे ही कला आणखी पुढे गेली आहे. 'बॅटगर्ल' हा जवळजवळ पुरा झालेला, सुमारे 9 कोटी डॉलर खर्चाचा सिनेमा 2022 मध्ये वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरीने प्रदर्शितच करायचा नाही असं ठरवलं. यामागे कर वाचवण्याचा हिशेब असल्याचं तेव्हा छापून आलं होतं. पण तुम्ही सांगताना असं सांगा की लोकांना तो नको होता. लोकांनी तो पाहिलाच नव्हता, ही किरकोळ बाब.

हिशेबावरून आठवलं. नफ्यात वाटा मागणारे भेटतील. हसतमुखाने द्या, फक्त करारात त्या नफ्यामागे 'निव्वळ' हा शब्द घाला. 1988 चा 'कमिंग टु अमेरिका' जगभरात 25 कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवून गेला. मूळ कल्पना आपली म्हणून विनोदी लेखक आर्ट बुकवाल्ड कोर्टात गेले आणि जिंकले. तेव्हा पॅरामाउंटने वह्या उघडून दाखवलं, निव्वळ नफा झालेलाच नाही. ही हिशेबाची रीत न्यायाधीशांनी अन्याय्य ठरवली, तो भाग सोडून द्या. घ्यायचं ते एवढंच की भागधारकांसमोर सिनेमा तुफान चाललेला असतो आणि लेखकासमोर बुडालेला.

लेखक संपावर जातील. 2023 मध्ये गेले होते, 148 दिवस. घाबरू नका, जुनंच पुन्हा पुन्हा समोर ठेवा. प्रेक्षक दिवसभराचा दमून येतो, रिमोट घेऊन अर्धा तास वर-खाली करतो, काही सापडत नाही. शेवटी दहा वर्षांपूर्वीची मालिका नवव्यांदा लावतो आणि दुसऱ्या भागातच सोफ्यावर झोपतो. 'अजून बघताय ना?' असं मध्येच विचारायची सोय ॲपमध्ये असेल तर ती तेवढी काढून टाका. उजाडेपर्यंत अकरा भाग बघून होतात. सकाळी आकडे टेबलावर आले की नवा सीझन मंजूर करा.